हरणीच्या बरगड्या

जनावरांच्या बरगड्या बघणं हे माझं काम होतं. कुणी विचारलं तर मी "छावणीवर होते" एवढंच सांगते. बरगड्या बघायचा पगार मिळतो हे कुणाला खरं वाटत नाही.

दर वर्षी दसरा झाला की मी आणि आमचे मालक कोयता घेऊन ऊसतोडीला जायचो. त्या वर्षी तोडायला ऊसच नव्हता. मुकादम आला, ओट्यावर बसून चहा प्याला आणि हंगामाची आगाऊ उचल न देताच उठून गेला. त्यावरून आम्हाला समजलं. पुढच्याच महिन्यात गावच्या दूध संस्थेनं तळ्याच्या कडेला, नेकनूरहून येणाऱ्या रस्त्याला लागून चारा छावणी उघडली. मालकांना ट्रकमधून चारा उतरवायचं काम मिळालं. मला चौथीपर्यंतचं लिहिता-वाचता येतं म्हणून तात्यांनी बोलावलं. तात्या म्हणजे आमच्या गावातले मोठे शेतकरी, संस्थेचे जुने चेअरमन.

"लिहिता येतं ना तुला, इंदू?"

मी मान हलवली.

"बोलता येत न्हाई वाटतं. बरं हाय. जनावरांना बोलणारी माणसं चालत न्हाईत." असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक जाड वही दिली.

ज्यांनी छावणी बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. बांबू रोवून वर पाचट टाकायचं आणि त्या सावलीत ओळीनं जनावरं बांधायची. चारा-पाणी संस्था देते. प्रत्येक जनावरामागं घरचं एक तरी माणूस तिथंच राहतं, तिथंच चूल मांडतं. चार गावांची जनावरं आणि चार गावांची माणसं एका माळावर आली की पहिल्या आठवड्यात भांडणं होतात आणि दुसऱ्या आठवड्यात सोयरिकी जुळतात.

माझं काम असं की सकाळी सगळ्या ओळींतून फिरायचं. कुणी खाल्लं, कुणी टाकलं, कोण उठायला वेळ लावतंय, हे वहीत लिहायचं. गाय-बैल कसे वाचायचे ते मी तिथंच शिकले. आधी भकाळी बघायची, म्हणजे पोटाच्या बाजूचा खळगा. तो बुडाला असेल तर जनावरानं आज खाल्लेलं नाही. मग बरगड्या. दहा पावलांवरून मोजता आल्या तर बरेच दिवस खाल्लेलं नाही. असं जनावर सोडून कडेच्या दावणीला आणायचं. त्याला भिजवलेली सरकी पेंड आणि गुळाचं पाणी जास्तीचं मिळायचं. त्या दावणीला सगळे "इंदूआक्काचा दवाखाना" म्हणायचे.

माझ्या दवाखान्यात एक बैल होता, सोनाजीबाबांचा. तो चाऱ्याला तोंड लावायचा नाही. सोनाजीबाबा पुढं उभे राहून शिव्या घालायचे तेव्हाच खायचा. "खा की बे, सासुरवाडीला आलास का? जावई हाईस का तू? खा!" की लगेच मान खाली. एकदा बाबा लेकीकडं दोन दिवस गेले. बैलानं पहिला दिवस काढला उपाशी. दुसऱ्या दिवशी मी इकडंतिकडं बघितलं, पदर तोंडावर घेतला आणि हळूच म्हणाले, "खा की बे." बैलानं माझ्याकडं बघितलं पण खाल्लं नाही. "जरा जोरात, आक्का," पलीकडच्या चुलीपाशी बसलेली काशीबाई म्हणाली. ती सगळं ऐकत होती. मग मी डोळे मिटून ओरडले आणि बैल खायला लागला. त्या दिवशी छावणीतल्या पोरीबाळी मला दिवसभर "सासुरवाडीला आलीस का" म्हणत होत्या.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. एका विधवा बाईची तांबडी गाय होती. तिनं सकाळी एक घास घेतलेला मी बघितला आणि वहीत लिहिलं, "खाल्लं." डॉक्टर वही बघून जनावरं तपासायचे, ते तिच्यावरून पुढं गेले. दुसऱ्या दिवशीही तिनं एकच घास घेतला, मी तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी गाय बसली ती उठलीच नाही. गोणपाट पोटाखाली घालून आम्ही आठ जणांनी उचलून बघितली. ती बाई गाईच्या गळ्यातलं दावं सोडून घेऊन घरी गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर बरगडी दिसली की माझा हात आपोआप पेंडीच्या घमेल्याकडं जायचा.

अशात एके दिवशी दुपारी तात्यांची जीप आली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यासाठी ते पुण्याला लेकाकडं चालले होते. जीपमधून त्यांनी एक कुत्री उतरवली.

"इंदू, ही हरणी. करवानी हाय, शिकारी जातीची. माझी कुणाकडं ठिवायची छाती व्हईना. तुझ्याकडं ठिवतो. पाऊस पडला की नेतो."

मला कुत्र्याचं काही कळत नाही, हे मला सांगायचं होतं. शब्द तोंडाशी येईपर्यंत जीप रस्त्याला लागली होती.

मी असली कुत्री जन्मात बघितली नव्हती. वाळल्या गवताच्या रंगाची. उंच, माझ्या मांडीपर्यंत येईल एवढी. तोंड लांब आणि निमुळतं, पाय काठीसारखे, छाती खोल आणि पोट पार पाठीला लागलेलं. आणि बरगड्या. मी दहा पावलांवरून मोजल्या. सगळी छावणी गोळा झाली.

"ही कुत्री हाय का सांगाडा?"

"तात्याच्या घरी बी दुष्काळ पडला म्हणायचा की!"

"इंदूआक्का, तुझ्या दवाखान्यात घाल हिला. लई दिवसांची उपाशी दिसती."

मी तेच केलं. कडेच्या दावणीला, सोनाजीबाबांच्या बैलाच्या शेजारी हरणीला बांधलं आणि वहीत तिचं नाव लिहिलं.

ती माझ्या हातून काही घ्यायची नाही. भाकर पुढं केली की तोंड दुसरीकडं फिरवायची. राग नव्हता तो, गुरगुरायची पण नाही. फक्त माझ्यापासून दोन हात लांब बसायची आणि दूर माळाकडं बघत राहायची. गावची कुत्री पायात येतात, शेपूट हलवतात, ही तसली नव्हती. मला ते ओळखीचं वाटलं. लग्नात मी पण भिंतीकडेला बसते आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवते. मग मी भाकर खाली ठेवून तिच्याकडं पाठ केली. थोड्या वेळानं बघितलं तर भाकर नव्हती.

ती झोपायची पण नाही नीट. बसायची, उठायची, परत बसायची. दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, अंगावर मांस नाही त्यामुळं तिच्या हाडांना माळाचे खडे टोचत होते. गोणपाटात जुनं लुगडं घालून मी एक लहानशी वाकळ शिवली. हरणीनं ती हुंगली, तिच्यावर तीन फेऱ्या मारल्या आणि असा मोठा सुस्कारा टाकून आडवी झाली की मलाच हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती दोन हातांवरून एका हातावर आली.

मग मी तिला खाऊ घालायला लागले. सकाळी दूध-भाकर, दुपारी पेंड भिजवलेलं गुळाचं पाणी, संध्याकाळी परत दोन भाकरी. लोकही जाता-येता काहीबाही टाकायचे. दोन महिन्यांत बरगड्या दिसेनाशा झाल्या. पाठ भरली, पोट खाली आलं. सगळे म्हणायचे, "आक्काच्या हाताला यश हाय." मी वहीत लिहिलं, "हरणी, सुधारली." लिहिताना मला तांबडी गाय आठवली, आणि थोडंसं फिटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर आठ दिवसांनी हरणी पुढच्या पायानं लंगडायला लागली.

छावणीत पाटोद्याहून गफूरचाचा यायचे. ते नालबंद. जनावर चाललं नाही की खुरं वाढतात, ती कापून साळायला संस्थेनं त्यांना ठरवलं होतं. त्यांनी बैलाचा पाय धरलेला असतानाच हरणीकडं बघितलं आणि पाय सोडून दिला.

"ही कुणाची?"

"तात्यांची."

"तात्याच्या हरणीला मी वळखतो. माझ्याच घरी जन्मली ती. ही तर तिची मावशी दिसती."

"हरणीच हाय, चाचा."

ते खाली बसले. तिच्या सांध्यांवरून बोटं फिरवली. "बेटी, काय खाऊ घालती हिला?"

मी वही उघडून वाचून दाखवलं. पेंडीपाशी आले तेव्हा त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली. "पेंड? या खुदा! ही दूध द्यायची हाय का वखर वढायची?"

"बरगड्या दिसत होत्या."

"दिसायलाच पायजेत! मागच्या तीन. तीन दिसल्या तर करवानी. सगळ्या दिसल्या तर उपाशी. एक बी न्हाई दिसली तर रेडकू." त्यांनी हरणीच्या पायाची नळी दोन बोटांत धरून दाखवली. "ह्या पायावर एवढं वजन? मोकळ्या माळावर पळायसाठी बनवलेलं जनावर हाय हे. आधीच ही जात थोड्याच घरांत राहिली. पाटोद्याच्या बाजारात इचार, लोक म्हणतील असली कुत्री असती व्हय? त्यातली एक तू गोठ्यात बांधून बैल केली."

मला जमीन फाटावी असं झालं. हळूच विचारलं, "नीट व्हईल का?"

"व्हईल. पेंड बंद. भाकर अर्धी. सकाळ-संध्याकाळ चालवायची, लंगडणं जाईपर्यंत पळवायचं न्हाई. पन तात्या यायच्या आत कर. त्यानं अशी बघितली तर तुझ्या पदरात पुन्हा कुत्रं काय, कोंबडी टाकणार न्हाई."

तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की तात्या येणार याची मला भीती वाटते. आणि भीती बोलणी खाण्याची नव्हती, ते तिला नेतील याची होती. दुसऱ्याचं जनावर आपण बिघडवलं, आता कोणत्या तोंडानं म्हणायचं की ठेवून जा?

दुष्काळात एखाद्याला बारीक करणं किती अवघड असतं ते मी सांगते. हरणी अर्धी भाकर खाऊन माझ्याकडं बघायची आणि मी दुसरीकडं बघायची. काशीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "माणसं वाळायलीत ते पुरंना झालंय, आता कुत्रीला बी उपाशी मारायली बया!" लोक दया येऊन तिला गुपचूप खायला टाकायचे. मला सगळ्यांना जाऊन सांगणं जमेना. शेवटी एका पुठ्ठ्यावर "मला खायला देऊ नका" असं लिहून तिच्या गळ्यात बांधलं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते खायला टाकत राहिले. ज्यांना येत होतं ते हसून हसून टाकायला लागले. शेवटी सोनाजीबाबा कामाला आले. कुणी हरणीपुढं वाकलं की ते लांबून ओरडायचे, "टाक की बे, तुझ्या घरची भाकर वर आली का?"

चालवणं त्याहून अवघड होतं. मी आयुष्यात कधी बिनकामाची चालले नव्हते. डोक्यावर मोळी, काखेत लेकरू, हातात कोयता, काहीतरी असायचंच. मोकळ्या हातानं बाई कुत्र्यामागं चाललेली बघून लोक काय म्हणतील, या लाजेनं पहिल्या दिवशी मी कमरेवर रिकामी घागर घेतली. तळ्याच्या सुकलेल्या पात्रातून पलीकडच्या टेकाडाकडं निघाले. थोड्या वेळानं मागं वळून बघितलं तर काशीबाई आणि आणखी तिघी घागरी घेऊन मागोमाग येत होत्या.

"कुठं पाणी लागलंय गं?" काशीबाईनं धापा टाकत विचारलं. "एकटीच नेती व्हय गुपचूप?"

"पाणी न्हाई," मी म्हणाले.

"मग घागर कावून घेतली?"

चौघी माझ्याकडं बघत होत्या. शेवटी सांगून टाकलं, "कुत्री फिरवायले."

मग काशीबाई घागर पालथी घालून तिच्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "तेवढं तरी पाणी निघालं बघ," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मी घागर घेतली नाही.

त्या टेकाडावरून नारायणगडाकडं जाणारी वाट दिसते. दर्शनाला निघालेली माणसं विचारायची, "कुठं निघालात, बाई?" मी म्हणायची, "कुठंच न्हाई." असं म्हणण्यात काय सुख असतं ते मला तिथं कळलं. हरणी माझ्या पुढं चार पावलं चालायची. तिचं नाकापेक्षा डोळ्यांवर जास्त चालायचं. मला नुसता माळ दिसायचा तिथं तिला लांबवरचं शेरडू दिसायचं. मागून अचानक हात लावला की ती दचकायची, म्हणून मी आधी नाव घ्यायला शिकले. सकाळच्या गारठ्यात ती थरथरायची. पातळ कातडीवर बाभळीचा काटा लागला की लगेच ओरखडा उठायचा. ओरखड्यावर हळद लावताना तिनं एकदा तोंड माझ्या मांडीवर ठेवलं. मी हळद संपल्यावरही बराच वेळ हात हलवत राहिले.

लंगडणं गेल्यावर बऱ्याच दिवसांनी तळ्याच्या पात्रात एक ससा उठला. माझ्या हातातून दावं कधी सुटलं ते कळलं नाही. मी तिला चालताना, बसताना, झोपताना बघितलं होतं. ती कशासाठी जन्मली आहे ते तोपर्यंत बघितलंच नव्हतं. चारही पाय पोटाखाली एकत्र यायचे आणि पुन्हा लांब फेकले जायचे. मधे तर ती जमिनीला लागतच नव्हती. भेगाळलेल्या त्या तळ्यात एवढीशी धूळ उठली आणि ती पार पलीकडच्या काठाला. मी ओरडले, "हरणे!" माझा आवाज पलीकडून परत आला, हरणी नाही आली. ससा दगडांच्या ढिगात शिरला. मला बरंच वाटलं, त्या वर्षी कुणीतरी वाचायलाच हवं होतं. मी घाबरून तिला शोधायला काठानं पळत गेले आणि आमची चुकामूक झाली. बघते तर मी आधी उभी होते त्या जागेवर ती येऊन भिरभिरत होती, जमीन हुंगत होती. तेव्हापासून ती कितीही लांब गेली तरी मी जागा सोडायची नाही.

पुढच्या पावसाळ्यात तळ्यात पाणी आलं आणि छावणी मोडली. एकेक जनावर मालकाच्या हवाली करायचं आणि हवाली करताना त्याच्या खोडी सांगायच्या, अशी आमच्याकडं रीत आहे. कोणती गाय डाव्या अंगानं दूध देत नाही, कोणता बैल पाण्याला बुजतो, सगळं. खोड लपवून जनावर देणं मोठं पाप समजतात. मी तीन दिवस वही वाचून खोडी सांगत होते.

चौथ्या दिवशी तात्या आले. हातात काठी, बरोबर पुण्याचा लेक. हरणीनं त्यांना ओळखलं, जाऊन त्यांचा हात हुंगला. लेक बघून म्हणाला, "तात्या, हाडं राहिलीत नुसती हिची. खायला घातलं का न्हाई या लोकांनी?"

मी खाली बघितलं. तात्या काठी टेकून वाकले. त्यांनी हरणीच्या कुशीवरून बोटं फिरवली.

"एक. दोन. तीन." ते सरळ झाले. "तुला काय कळतंय, गप. गफूर भेटला होता मला. सगळं सांगितलंय त्यानं." मग माझ्याकडं वळले. मला वाटलं आता पेंडीचं निघणार. ते म्हणाले, "हं, इंदू. खोडी सांग."

वहीत हरणीच्या खोडी लिहिलेल्या नव्हत्या. मी वही मिटली.

"हातातून पहिला घास घेत न्हाई, खाली ठिवून आपण पाठ करायची. मागून हात लावायचा न्हाई, आधी नाव घ्यायचं. वाकळ लागती, वाकळीला गाठ आली तर झोपत न्हाई, पन उठून सांगत बी न्हाई, नुसती बसून ऱ्हाती, आपण बघायचं. थंडीत पाठीवर पोतं टाकायचं. भाकर अर्धी, कितीबी बघितलं तरी अर्धी. ढग गडगडले की पायापाशी येती, तवा काही बोलायचं न्हाई, नुसतं बसायचं. रोज पळाली न्हाई तर खात न्हाई. पळायला सोडली की हाका मारायच्या न्हाईत, ऐकत न्हाई. जिथनं सोडली तिथंच उभं ऱ्हायचं. लई येळ लागतो. पन जागा सोडायची न्हाई तात्या, जागा सोडली की ती लई घाबरती..."

एवढं बोलून मी मान वर केली. सगळे माझ्याकडं बघत होते.

तात्यांनी स्वतःच्या गुडघ्याकडं बघितलं. "किती येळ उभं ऱ्हायचं म्हणलीस?"

"येईपर्यंत."

तात्यांनी वाकून हरणीच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळलं आणि आपल्या खांद्यावर टाकलं. आमच्या भागात जनावर दुसऱ्याला देऊन टाकायचं असलं तर दावं देत नाहीत, ते जुन्या मालकाच्या घरी परत जातं. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना ते समजलं. पुण्याच्या लेकाला तेवढं समजलं नाही.

"तात्या, कुत्री ऱ्हायली ना!"

"चल, जीप काढ," तात्या म्हणाले.

जीप गेल्यावर आमचे मालक बांबू उपटायचे थांबले आणि माझ्याजवळ आले. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांनी माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"एवढं बोलतीस व्हय तू?"

"खोडी कुणी इचारल्याच न्हाईत कधी," मी म्हणाले.

ते हसले, वाकळ उचलून त्यांनी खांद्यावर टाकली, आणि आम्ही तिघं घरी निघालो.